नाव कापलेला चार्ट

१

मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत शनिवारची जेवणं आटोपली, की नंदकुमार प्रधानच्या डायनिंग टेबलावरचं मेणकापड निघायचं आणि तिथे कागद, फूटपट्टी, लाल पेन्सिली असा संसार मांडला जायचा. बाकीचं जग शनिवारी दुपारी ताणून देतं. पण ज्याला शेअर बाजाराचा नाद लागला, त्याला बाजार बंद असलेला दिवस खायला उठतो. म्हणून नंदकुमार, बाजूच्या विंगेतल्या कुंदाताई आणि घाटकोपरहून येणारा चंद्रप्रकाश ही तीन रिटायर झालेली माणसं दर शनिवारी जमून लाटा मोजत बसायची.

लाटा म्हणजे चार्टवरच्या, भावाच्या. भाव चढतो तो पाच लाटांत, तीन वर आणि मधल्या दोन खाली. मग उतरतो तीन लाटांत, त्यांना अ, ब, क म्हणायचं. हे ज्याला ओळखता आलं त्याला पुढचं दिसतं, असा या मंडळींचा ठाम समज. खरंखोटं बाजार जाणे. नंदकुमारचा मात्र त्यावर जीव होता. अंधेरीतलं त्याचं ऑफिस बंद पडलं तेव्हा हा माणूस कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला होता. दाढी नाही, बोलणं नाही, आणि घर सगळं बायकोच्या, म्हणजे जयंतीच्या, शाळेच्या पगारावर. त्या अंथरुणातून त्याला उठवलं ते या लाटांनी. त्यामुळे त्यांच्याबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की त्याला राग यायचा.

तिघांचा एक रिवाज होता. प्रत्येकाने एक छापील चार्ट आणायचा, पण त्यावरचं कंपनीचं नाव, तारखा, भाव असलेली कड कात्रीने कापून. नाव दिसलं की माणूस नावाला मोजतो, लाटेला मोजत नाही, असं कुंदाताईंचं म्हणणं. कापलेली पट्टी ज्याची त्याने खिशात ठेवायची, आणि सगळ्यांची मोजणी झाल्यावर काढून कागदाला जोडून दाखवायची.

"काय म्हणतोय तुमचा समुद्र?" जयंती चहाचा ट्रे घेऊन आली. "तुमचं बाकी बरं असतं. गेल्या वर्षीच्या लाटा अगदी बरोब्बर मोजता. उद्याचं विचारलं की म्हणता, पर्यायी मोजणी पण आहे."

"वहिनी, पर्यायी मोजणी नसती तर आम्ही सगळे कधीच वेडे झालो असतो ना," चंद्रप्रकाश हसत म्हणाला.

"म्हणूनच पेन्सिलीने लिहिता. मी असते तर बॉलपेनने लिहिलं असतं. एकदा बोललं की बोललं. शाळेत खाडाखोडीला मी अर्धा मार्क कापायचे."

"अगं, तो चहा ठेव आणि जा बघू," नंदकुमार म्हणाला. ती हसत हसत आत गेली, आणि स्वयंपाकघरातल्या रेडिओबरोबर तिचं बेसूर गाणं सुरू झालं. ते तिचं रोजचं होतं.

त्या दिवशी चौथा कागद नंदकुमारच्या हाताला लागला तेव्हा तो चौथा आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. चार्ट इतका देखणा होता की त्याची पेन्सिल आपोआप चालली. एक, दोन, तीन, चार, पाच. चढ पूर्ण. अ झाला, ब झाला. रेघ जिथे संपत होती तिथून त्याने ठिपक्यांचा लाल बाण काढला, थेट कागदाच्या खालच्या कडेपर्यंत.

"आता क. सगळं धुऊन नेणार. यात काहीच शंका नाही," तो म्हणाला.

"चला, पट्टी काढा," कुंदाताई म्हणाल्या. तिघांनी आपापल्या पट्ट्या काढल्या आणि त्या तीन कागदांना बसल्या. चौथ्याला कोणाचीच बसेना.

"माझा नाही यार," चंद्रप्रकाश म्हणाला. कुंदाताईंचाही नव्हता. नंदकुमारला हे मुळीच आवडलं नाही. त्याने तो कागद उचलून शोकेसच्या खणात टाकला.

२

सोमवारी सकाळी बाजार उघडायच्या आधी त्याला त्या कागदाची आठवण झाली. इतकी स्वच्छ मोजणी हल्ली बघायला मिळते कुठे, म्हणून त्याने तो काढून खिडकीपाशी नेला. बाणाचे पहिले काही ठिपके दिसत नव्हते. त्यांच्यावरून काळी रेघ गेली होती.

त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग स्वतःची समजूत घातली, की आपणच बाण जरा मागून सुरू केला असणार. साठी उलटलेल्या माणसाने आपल्या डोळ्यांची हमी देऊ नये. तरी बोट ओलं करून त्याने रेघ घासली. बोटाला काही लागलं नाही. कागद छापील होता, यात वाद नव्हता.

लिफ्ट त्या दिवशी बंद होती. जयंती भाजी आणायला गेली ती बराच वेळ आली नाही, म्हणून तो जिन्यात डोकावला तर ती दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली. पिशवी बाजूला, हात गुडघ्यांवर. जिना चढताना गाणं म्हणणारी बाई ही.

"दमले हो," ती म्हणाली. "उगीचच दमले."

"उकाडा काय थोडा आहे," तो म्हणाला, आणि पिशवी घेऊन तिच्या पुढे चढला. एक मजला वर येईपर्यंत मागून तिचा श्वास ऐकू येत होता. त्याला तो नको वाटत होता.

दुपारी त्याला आठवलं, की शनिवारी विसरलेला चष्मा घ्यायला चंद्रप्रकाश रविवारी परत आला होता. नंदकुमार तेव्हा अंघोळीला गेला होता. म्हणजे बाहेरच्या खोलीत तो एकटाच होता. लांबवलेल्या रेघेचा दुसरा कागद छापून खणात सरकवायला कितीसा वेळ लागतो? आणि चंद्रप्रकाशला असल्या उचापती करायची भारी हौस. नंदकुमारला एकदम हलकं वाटलं. त्याने बाणाचे ठिपके नीट पाहिले. हात आपलाच वाटत होता, पण नक्कल काय कोणीही करेल. मग कागदाच्या मागे कोपऱ्यात बारीक सही केली, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

३

पुढे एकदा त्याने खण उघडला तेव्हा सही जागेवर होती आणि रेघ आणखी खाली आली होती. इकडे तिकडे न होता बाणाला चिकटून उतरली होती.

त्याने तिथूनच फोन लावला. "चंद्रप्रकाश, मस्करी पुरे झाली."

"कसली मस्करी?"

"तो चौथा चार्ट. तूच आणलास आणि तूच बदलतोयस."

"अरे, मी घाटकोपरला बसून तुझ्या खणात हात घालू काय? डोकंबिकं ठीक आहे ना? एक सांग. पडतोय का तो?"

"पडतोय."

"तू म्हणालास तसाच?"

"अगदी तसाच."

"मग झकास ना यार. रडतोस कशाला? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुझी मोजणी पुढे जाऊन बरोबर आलीय."

फोन ठेवल्यावर नंदकुमारला आनंद झाला होता. लपवण्यासारखं काय त्यात. मी म्हणालो आणि तसं झालं, हे सुख त्याला बाजाराने कधी धडपणे दिलं नव्हतं. तो आनंद घेऊन तो स्वयंपाकघराकडे वळला आणि दारातच थबकला. रेडिओ चालू होता. गाणं तिच्या आवडीचं होतं. पण गात होता तो फक्त रेडिओ.

जयंती ओट्याला टेकून उभी होती. फोडणी करपत होती आणि तिचं लक्ष नव्हतं.

डॉक्टर झाले, रक्त झालं, हृदयाची पट्टी काढून झाली. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी खांदे उडवले. काही नाही म्हणाले, थोडा अशक्तपणा, ताकदीच्या गोळ्या घ्या. पुण्याहून मुलीचा, गार्गीचा फोन आला. "बाबा, आईचा आवाज असा लांबून का येतोय? फोन लांब धरलाय का तिने?" फोन जयंतीच्या तोंडाशी होता. नंदकुमारने स्वतः धरला होता.

आणि तरी, बघा माणसाचं मन कसं असतं ते, त्या दिवसांत त्याचा संशय फिरत फिरत जयंतीवरच आला. खणाची दुसरी किल्ली तिच्या साखरेच्या डब्यामागे असायची. लाटांची टिंगल करायची संधी तिने आजवर सोडली नव्हती. सही तर तिने त्याची आयुष्यभर पाहिलेली. खाली झेरॉक्सचं दुकान आहे. नवऱ्याला जन्माची अद्दल घडवायची म्हणून ती हे करत असेल तर? तो भिंतीला कान लावून बसायचा, शोकेसचा खण वाजतो का ऐकायला. खण कधी वाजला नाही. आतल्या खोलीत पलंग करकरायचा, ती कूस बदलायची, आणि मग पुष्कळ वेळ काहीच ऐकू यायचं नाही.

४

शेवटी एके दुपारी त्याने कागद टेबलावर पसरला आणि पहिल्यापासून बघायला घेतला. आतापर्यंत त्याने फक्त टोक पाहिलं होतं. कुठल्या कंपनीचा चार्ट आहे हे तरी कळेल, म्हणजे चोर सापडेल, असा त्याचा विचार. डावीकडे सुरुवातीला हळू चढ होता, मग अचानक एक खोल खड्डा, जवळजवळ तळापर्यंत, आणि तिथून रेघ सरळ वर उसळलेली.

"हा कोणता शेअर?"

जयंती पाठीशी उभी होती. ती कधी उठली, कधी आली, त्याला कळलंच नव्हतं. हल्ली तिच्या पावलांचा आवाज यायचा नाही. तिने वाकून त्या खड्ड्यावर बोट ठेवलं.

"गार्गीच्या वेळी माझं असंच झालं होतं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी आशा सोडली होती. आठवतंय ना? आणि मग एकदम." बोट रेघेवरून वर चढलं. पुढे एका बारीक खाचेपाशी थांबलं. "इथे माझी आई गेली असणार." पुढे एका लांब, कष्टाच्या चढावर. "आणि हे तुम्ही पडून होतात तेव्हाचं. तेव्हा किती ताकद होती माझ्यात. कुठून यायची कोण जाणे."

ती थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. त्याने मान वळवून पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. घरचा जुना फोटो बघावा तशी बघत होती.

बोट शिखरावर गेलं, उताराला लागलं आणि लाल बाणावर येऊन थांबलं. आता थोडेच ठिपके उघडे होते. त्यांच्याखाली कागदाची कड होती.

"हे तुम्ही काढलंत?" जयंतीने विचारलं.

त्याने बाणावर तळहात ठेवला. ती जराशी थांबली, मग टेबलाचा आधार घेत आत गेली. पलंग करकरला.

५

आपण शिकलेली माणसं आहोत, त्याने स्वतःला बजावलं. नाव झाकलेल्या रेघेत माणसाला हवं ते दिसतं. जयंतीला तिचं दिसलं, एवढंच. हे सगळं त्याने बरोबर म्हटलं, आणि म्हणता म्हणताच खोडरबर शोधायला लागला.

लाल पेन्सिल नीट खोडली जात नाही. बाण पुसट झाला, कागद खरवडला गेला. त्याने आकडे खोडले आणि नव्याने घातले. ज्याला शिखर समजून त्याने पाच म्हटलं होतं, ते तीन. हा सगळा उतार म्हणजे फक्त चौथी लाट. पाचवी अजून यायची आहे, वर जायची आहे. पर्यायी मोजणी. बाजारात लाटा मोजणारा प्रत्येक माणूस तोंडघशी पडला की हेच करतो, आणि जयंती त्यावरूनच हसायची. त्यात एक अट होती. चौथी लाट पहिलीच्या माथ्याखाली जाता कामा नये. गेली की ती मोजणी बाद. रेघेचं टोक त्या माथ्यापासून केसभर वर होतं.

त्याने वरचा बाण काढला, कागदाच्या माथ्यापर्यंत. मग टोकावर नजर रोखून बसला. दुपार होती. खाली कोणी भंगारवाला ओरडत गेला. फ्रीज घुरघुरत होता, तो थांबला, आणि घर एवढं शांत झालं की आतल्या खोलीतला जयंतीचा श्वास त्याला ऐकू यायला लागला. येई, जाई, मग बराच वेळ काही नाही. पुन्हा येई.

रेघेचं टोक ओलं दिसत होतं.

नुसतं उजेडामुळे, तो म्हणाला. खात्री करायला म्हणून त्याने तर्जनी पुढे केली आणि अगदी अलगद टोकाला लावली. बोट काळं झालं. आणि आतून जयंती दचकून म्हणाली, "कोण आहे? कोण हात लावतंय मला?"

तो उठला, खुर्ची पडली. खोलीत गेला तर ती उठून बसली होती, केस सुटलेले, गाल तापलेले.

"कोणी नाही गं. मी आहे."

"भूक लागलीय हो मला," ती म्हणाली. कितीतरी दिवसांत तिने हे म्हटलं नव्हतं. त्याने धावतपळत जाऊन गॅस पेटवला. त्याला शिऱ्यापलीकडे काही येत नव्हतं, म्हणून शिराच केला, त्यातही गुठळ्या झाल्या. तिने ताटली चाटूनपुसून खाल्ली आणि गुठळ्यांवरून त्याला चार शब्द सुनावले. ते ऐकताना तो ओट्याकडे तोंड करून रडला.

कागद शोकेसच्या खणात टाकून त्याने कुलूप लावलं, तो खण पुन्हा उघडला नाही. उघडायची गरजच पडली नाही. रोज सकाळी कान देऊन ऐकलं की रेघ कुठे आहे ते कळायचं. आधी पावलं वाजायला लागली, मग भांडी, आणि एका सकाळी रेडिओच्या वरताण तिचा आवाज आला. बेसूर, दणदणीत. त्याने डोळे मिटून हात जोडले. तिला मात्र त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिनेही त्या बाणाबद्दल पुन्हा विचारलं नाही. तेवढी एक गोष्ट त्याला अधूनमधून टोचायची, कारण एकदा विचारलेला प्रश्न उत्तर न घेता सोडून देणारी बाई ती नव्हती.

६

जयंतीच्या आजारपणात बंद पडलेला शनिवारचा अड्डा पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी लिफ्टवाले तेलपाणी करायला आले होते, त्यामुळे लिफ्ट बंद. नंदकुमार बिस्किटं आणायला खाली गेला होता, तो जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबला. हात कठड्यावर होता. मग तो पायरीवर बसला. काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. नुसतं पुढची पायरी चढावीशी वाटेना.

उकाडा काय थोडा आहे, तो पुटपुटला. आणि हे वाक्य आपण याच जागी पूर्वी म्हटलं होतं, हे त्याला आठवलं.

घरात शिरला तेव्हा मोजणी सुरू झालेली होती. कुंदाताई आणि चंद्रप्रकाश कागदांवर वाकलेले, आणि त्याच्या खुर्चीत जयंती.

"आज तुमच्या जागी मीच मोजते म्हटलं," ती म्हणाली. "एवढी वर्षं ऐकतेय, एवढं तर कळतंच."

"नंदू, बघ ना, वहिनींनी कसली झकास मोजणी केलीय," चंद्रप्रकाश म्हणाला. "आपली वाट लावणार ह्या."

टेबलावर चार कागद होते. जयंतीच्या समोरचा त्याने पाहिला. त्यात मध्येच एक कडा कोसळलेला होता, आणि त्यानंतर रेघ तळाशी लांबच लांब आडवी पडून होती, जरासुद्धा हालचाल न करता. मग कुठे तिने मान वर काढली होती आणि हळूहळू चढत गेली होती. ती आडवी रेघ बघताना त्याला भिंतीवरचा रंग आठवला, पोपडा कुठे आला होता ते आठवलं, जेवणाचं ताट पाठीमागे ठेवून कामाला निघालेली जयंतीची पावलं आठवली.

आकडे निळे होते. एक ते पाच, वळणदार, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात. अ. ब. आणि तिथून फूटपट्टी लावून ओढलेला बाण, कागदाच्या खालच्या कडेपर्यंत.

"हे तू काढलंस?" त्याने विचारलं.

"हो. का? चुकलं का काही?"

"नाही, म्हणजे..." त्याला श्वास पुरत नव्हता. "पर्यायी मोजणी पण असू शकते. ही चौथी असेल. तो कागद दे इकडे, मी दाखवतो."

"छे." जयंतीने बॉलपेनला टोपण लावलं. "खाडाखोड नाही. एकदा बोललं की बोललं."

कुंदाताई हसल्या. "पट्टी कोणाकडे आहे याची?" त्यांनी विचारलं. चंद्रप्रकाशने खिसे चाचपले, कुंदाताईंनी पर्स उघडली. जयंतीने काहीच शोधलं नाही. तिने मागची खुर्ची पुढे ओढली, त्याच्या हातातला बिस्किटांचा पुडा काढून घेतला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"बसा ना," ती म्हणाली. "दमलात. उगीचच दमलात."